राखेच्या विटांचं घर

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत मंगलाबाई घरोघरी पोळ्या लाटायच्या. नवरा गेल्यावर त्याच्या फंडाचे पैसे आले. त्यातून त्यांनी सामनगाव रस्त्याला गुंठाभर जागा घेतली आणि उरलेली रक्कम बँकेत ठेवली. ती घर बांधायला. तिला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

शेजारच्या खोलीत आबिदा राहायची. मंगलाबाईंचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा दवाखान्याच्या खेपा तिनेच घातल्या होत्या. म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ती दारात येऊन बसली आणि "मंगल, मला पैसे पाहिजेत" म्हणाली, तेव्हा मंगलाबाईंना पटकन नाही म्हणता येईना.

आबिदाच्या माहेरी वीटभट्टी होती. तिला भट्टीशिवाय विटा करायच्या होत्या. वीजकेंद्राची राख, त्यात चुना आणि खडी क्रशरची बारीक कच घालून मशीनवर दाबायच्या. नवरा फारुख गवंडी, त्यालाही हे पटलं होतं. बँक मात्र तारण मागत होती आणि तारण द्यायला काही नव्हतं.

"राखेची वीट लोक घेतील?" मंगलाबाईंनी विचारलं.

"आज नाय घेणार. कोणाची तरी भिंत उभी दिसली की घेतील."

दीर हिरामण पिंपळगावहून मुद्दाम आला. "वहिनी, राखेत कोणी संसार मांडतं का? पैसे बुडाले तर जन्मभर भाड्यानं राहाल."

त्याचं चुकत नव्हतं. मंगलाबाई आठवडाभर पोळ्या करपवत राहिल्या. नाही म्हणावं तर आबिदाला तोंड कसं दाखवायचं? द्यावेत तर घर गेलं. शेवटी एका सकाळी त्या उठल्या आणि तडक आबिदाकडे गेल्या.

"उसने पैसे मी देणार नाही."

आबिदाचा चेहरा उतरला. "बरं," एवढंच ती म्हणाली.

"ऐकून तर घे. माझ्या घराच्या विटा तू पाडायच्या. त्यांचे पैसे आगाऊ देते, त्यात मशीन घे. बांधकाम फारुखभाईंचं. घर रस्त्यावरच आहे, येणारे-जाणारे बघतील."

"आणि वीट चांगली नाय निघाली तर?"

"निघेपर्यंत पाडायच्या. मी माघार घेणार नाही. तूही घ्यायची नाहीस."

पहिल्या विटा उन्हात भराभर वाळल्या. जोत्यावर कमरेइतकी भिंत चढली आणि कोपरे बोटानं खरवडता येऊ लागले. फारुख म्हणाला, प्लास्टरखाली दिसणार नाही. मंगलाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला, हाताला लागलेली भुकटी पाहिली आणि म्हणाल्या, "उतरवा."

आबिदा तिथेच मातीत बसून रडली. हिरामण येऊन बघून गेला. पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून मंगलाबाई पोळ्यांच्या कामाआधी हंडे घेऊन हजर झाल्या. आबिदाने चुना वाढवला. विटांच्या थप्प्यांवर गोणपाट टाकलं आणि दोघी सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिल्या. या खेपेची वीट फारुखने दगडावर आपटली. ती फुटली नाही, तेव्हा त्यानेच मंगलाबाईंना हाक मारली.

घर उभं राहायला पुढचा उन्हाळा उजाडला. राखेचं घर म्हणून वास्तूच्या जेवणाला काही नातेवाईक आलेच नाहीत. रस्त्यानं जाणारे मात्र थांबून भिंत ठोकून बघायचे. त्यातलाच एक सातपूरचा वर्कशॉपवाला निघाला. त्याने कंपाउंडसाठी विटा मागवल्या, ही आबिदाची पहिली ऑर्डर. पुढची दोन वर्षं जेमतेम खर्च निघाला. मशीन दोनदा बिघडलं, एकदा तर आबिदाने ते विकायलाच काढलं होतं. मंगलाबाईंनी ते घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवलं.

दोन हजार चारच्या सुमाराला दुसरं मशीन आलं. मंगलाबाईंनी पोळ्यांची कामं सोडली आणि त्या विटांना पाणी मारणाऱ्या बायकांवर देखरेख करायला लागल्या. आबिदा भागीदारी घे म्हणून मागे लागली होती. त्यांनी साफ नकार दिला. पगार मात्र सात तारखेला हक्कानं मागून घ्यायच्या, आणि एक दिवस जरी उशीर झाला तरी सगळ्यांसमोर आबिदाला फैलावर घ्यायच्या.