आधी माणूस, मग चहा

या, जवळ सरका. उंबऱ्यावर असे टेकून काय बसता, वाट चुकल्यासारखे? आणि आल्या आल्या चहाची घाई कसली, माणसाची विचारपूस राहिली की. आमचे तांडेलकाका असते तर तुमच्यापुढचा कप उचलून बशीत पालथा घातला असता. "आधी माणूस, मंग च्या," म्हणायचे, आणि तोंड असं करायचे, जशी कुजकी मासळीच समोर आणून ठेवली.

जयगडच्या खाडीकाठी आमची वाडी, काका शेजारचे. चीनच्या मोठ्या नदीत गोऱ्यांच्या आगबोटी चालायच्या, त्यातल्या एकीवर ते खलाशांचे तांडेल, म्हणजे मुकादम. माझ्या आत्याचा नवरा त्याच बोटीवर सुकाणूला. त्याला नेलेला काकांनीच. आत्याला म्हणाले होते, "जसा नेतो तसा आणीन गो."

तिथले चाचे भारी लबाड. तिकीट काढून उतारू म्हणून चढायचे, आणि भर पाण्यात गाठोड्यांतून पिस्तुलं निघायची. त्यांनी बोट लुटली, तिच्यावरची लहान वाफेची होडी पळवली, आणि ती हाकायला आत्याच्या नवऱ्याला मानेला धरून नेला.

मग सुरू झाली मोठ्यांची बोलणी. इंग्रज सरकारने तिकडे बसवलेला वकीलसाहेब एका अंगाला, चीनचा अंमलदार दुसऱ्या अंगाला. बादशहा केव्हाच गेला होता, पण अंमलदाराची ऐट बादशाहीच. काकांना साक्षीला नेलेलं. साहेब म्हणे, पाणी तुमचं, चाचे तुम्ही आवरा. अंमलदार म्हणे, बोट तुमची, पहारा तुम्ही ठेवा. आणि मधे पातळ पेल्यांतून चहा, कलिंगडाच्या बिया. बिया फोडून सालं तिथेच थुंकायची. उजवीकडच्या खुर्चीवर कोणी बसायचं यातच एक अख्खी बैठक गेली. माणसाचं नाव कोणी काढीना. 

शेवटच्या बैठकीत काकांना राहवेना. ते उठले, टोपी काढली, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. आपल्याकडे देवळात घालतात तसंच. एकाने मागायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. व्हय म्हटलं की ते काम सगळ्यांच्या अंगावर. भाबडे हो. त्यांना वाटलं, मोठी माणसं जमलीत, मागितलं की जबाबदारी घेतील.

"बा म्हाराजा, आमचा माणूस पान्यातून नेलाय, तो घराला लाव रे म्हाराजा."

दुभाष्या काहीतरी बोलला. साहेब आणि अंमलदार दोघे हसले आणि पेले उंचावले. काकांना वाटलं, झालं, व्हय म्हणाले. डोळ्यांत पाणी घेऊन त्यांनीही घोट घेतला.

जिन्यात दुभाष्यानेच हसत सांगितलं, तू दोन्ही सरकारांच्या दोस्तीला आशीर्वाद दिलास असं मी त्यांना सांगितलं. तोंडातला घोट कधीच पोटात गेला होता. काकांनी तिथेच घशात बोटं घातली.

काका एकटेच घरी परतले. पुढे कंपनीचा माणूस वाडीत आला. खुर्चीवर बसून म्हणाला, दोन्ही सरकारांचा समेट झाला, आता त्या पाण्यात चाचे उरले नाहीत. आत्या दाराआडून म्हणाली, "मग तेना कोनी नेलान?" तो चहा बरा झालाय म्हणाला. काकांनी त्याच्या हातातला कप काढून घेतला, चहा अंगणात ओतला आणि कप पालथा ठेवला. तेव्हापासूनची ती सवय.

त्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. काकांनी तेच गाऱ्हाणं घातलं, शब्दही तेच. आणि सगळी वाडी, म्हातारे, पोरं, ढोल गळ्यात अडकवलेले गडी, सगळे एका दमात म्हणाले, "व्हय म्हाराजा." काका आत्याकडे वळले.

"व्हय म्हनलाव ना," ते आत्याला म्हणाले, "मंग कोनीतरी जायला होवं."

आणि गेले की. वय झालेलं, तरी पुन्हा चीनच्याच बोटीवर नाव लावलं. पडावाच्या होडीत उभे राहून आगबोटीकडे जाताना त्यांनी मागे वळून हाताचा पंजा पालथा केला, कप ठेवायचे तसा. तेवढंच मला दिसलं. पुढे ना ते आले, ना आत्याचा नवरा. बोलणी मात्र चालूच होती म्हणे. कलिंगडाच्या बिया किती फुटल्या असतील, देव जाणे.

आत्याने मरेपर्यंत दोन कप फळीवर पालथे ठेवले. आता ते माझ्याकडे आहेत. त्यांना मी हात लावत नाही, पण शेजारी तिसरा ठेवलाय, तुमचा. तुम्ही आज गेलात की तो पालथा घालीन. लौकर या हो, सुलटा करायला.