ओल्या ओंडक्याखालच्या काड्या

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आत्ता लिहितानाही हात मागे येतो —

आमचं बिऱ्हाड दगडखाणीवरचं. आईबाबा खडी फोडायचे, पाणी टँकरचं, स्वयंपाक चुलीवर. पण त्या चुलीला माझा हात कधी लागला नाही. ताई फुंकायची, डोळे चोळायची, मी जवळ गेलो की म्हणायची, "तू पुस्तक धर." खाणीवरच्या पोरांत मी एकटा कॉलेजात गेलो, इंजिनिअर झालो, एमएससाठी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आलो. याचा अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

लपवलंय ते वेगळं.

माझा रूममेट रोहन पुण्याचा, बंगल्यात वाढलेला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत फोन, हीटर सगळं सोडून उत्तर मिशिगनच्या जंगलात राहायचं त्याच्या डोक्यात आलं. "तुला काय यार, तू तर चुलीवरचा माणूस!" मी म्हणालो, "आगीचं माझ्यावर सोड." का म्हणालो? त्याच्यापेक्षा मला जास्त येतं अशी एकच गोष्ट होती — आणि तीही येत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी ओढा ओलांडताना तो घसरला, कमरेपर्यंत भिजला. बर्फ भुरभुरत होता. दात वाजत असतानाच म्हणाला, "मागे ते शिकारी काका-काकू भेटले ना, तंबूवाले, अर्ध्या मैलावर... तिकडे जाऊ या यार." त्याला तेव्हा चालता येत होतं. नीट ऐका — चालता येत होतं. मी म्हणालो, "बस इथे. पाच मिनिटांत पेटवतो."

त्याच्या सॅकमधली काडेपेटी काढून जाड, ओल्या ओंडक्याखाली काडी धरली. विझली. दुसरी. दहावी. आधी बारीक ढलप्या काढायच्या, एवढंही मला ठाऊक नव्हतं. माझी पाठ त्याच्याकडे होती, मुद्दाम. किती वेळ गेला? त्याचं कुडकुडणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं — बरं! गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं थांबणं हे वाईट लक्षण, हे नंतर कळलं. मग तो बोबडं बोलायला लागला. मी पुढची काडी चाचपली. काडेपेटी रिकामी होती.

"काय झालं रे?" त्याने विचारलं.

"सादळल्यात काड्या. तुझ्या सॅकमध्ये ओल गेली."

एकही काडी सादळलेली नव्हती. प्रत्येक पेटली होती.

मग त्याला खांद्यावर टेकवून, ओढत त्या जोडप्याच्या तंबूपर्यंत नेलं. तो वाचला. डाव्या पायाची गोठून काळी पडलेली दोन बोटं काढावी लागली.

सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात शिकागोजवळ शॉमबर्गला एका मित्राकडे जेवताना रोहनने पुन्हा सांगितलं, "मीच बावळट, काड्या भिजवल्या. हा होता म्हणून जिवंत आहे." तो हे सांगायला लागला की मी ताटाकडे बघतो. आता हा माझ्याकडे बघेल, आणि याला कळेल — दर वेळी वाटतं. त्याने बघितलं. हसला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी ती घेतली. वर भात वाढून घेतला.