वाळ्याचं पाणी आणि माझं नाक

चहाचा कप हातात दिला की आप्पा आधी त्यात नाक घालायचे. दोन क्षण थांबायचे, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे आणि मगच ओठ लावायचे. पाणी असो, प्रसादाचा शिरा असो, डॉक्टरने दिलेलं औषध असो, हा कार्यक्रम ठरलेला. "आधी वास, मंग बाकी. मना कोनावर भरोसा नही, बाई."

मी बाई, कारण मी शाळेत शिकवते. सुरतेत नवागामला आमची रो-हाउसची सोसायटी आहे, तिथे आप्पा माझ्या शेजारी राहायचे. खरं नाव सांगत नाही. घरात अहिराणी आणि माझ्याशी अर्धी अहिराणी, अर्धी पुस्तकी मराठी. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी उभा जन्म बॉयलरवर काढला. तिथे चिठ्ठी नसलेले रसायनांचे पिंप यायचे, आणि गावाकडे त्यांचा धाकटा भाऊ विषारी दारू पिऊन गेला होता. त्यामुळे नाकाने तपासल्याशिवाय काही आत जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

संशयी माणूस मला पटकन आवडतो, कारण मीही त्याच जातकुळीतली. दूधवाल्याचं माप मी रोज पाहते. सुरतेत सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात. ते मंत्रिपद माझ्याकडे सहा वर्षं आहे ते काही माझ्या गोड स्वभावामुळे नाही. तुमच्याही सोसायटीत अशी एखादी बाई असेल. तिला शिव्या घालण्याआधी हे वाचा.

तर एका रविवारी सकाळी आप्पा फाटकाशी उभे. "बाई, माझ्यासंगे जुन्या शहरात येता का? एक लहान यंत्र घ्यायचं शे. अर्क काढायचं."

"कसला अर्क?"

"वाळ्याचा. माईसाठी."

माई म्हणजे त्यांची बायको. कॅन्सरच्या औषधांनी पार खंगली होती. कसलाही वास आला की तिला उमळून यायचं. फोडणीचा नको, साबणाचा नको, उदबत्तीचा तर नकोच. माहेरी तापीकाठच्या घरात माठात वाळा टाकायचे, त्या वासाची तिला आठवण येत होती. बाजारातलं खस आणलं तर ते निव्वळ इसेन्स निघालं आणि तिने दिवसभर अन्न घेतलं नाही. म्हणून आप्पांना ते घरीच काढायचं होतं.

कारण पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच मला पटलं नाही. दारूबंदीच्या राज्यात म्हातारा माणूस लहानसं यंत्र घ्यायला निघतो, आणि सोबत मास्तरीणबाई कशाला हवी? दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी मी गेले. नजर ठेवायची तर जवळूनच ठेवावी.

भांडेवाल्यांच्या गल्लीत पहिल्या दुकानदाराने आप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शुं काढवानुं छे, काका?"

"वाळ्यानं पानी."

"बधा एमज कहे छे," सगळे असंच सांगतात म्हणून तो हसला. मग मला विचारलं, "बेन, तमे?"

"टीचर छुं," मी म्हणाले. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

खरेदी मात्र पाहण्यासारखी होती. पहिलं यंत्र वीस लिटरचं. "माईले आंघोळ घालायची नही, उशाशी वाटी ठेवायची शे," म्हणून ते गेलं. दुसरं स्टीलचं, चकचकीत, पण नळी रबराची. "वाफ तापली की रबराचा वास पान्यात उतरंस." तिसऱ्याला झाकणावर तोटी होती, ती बंद करता येत होती. ते पाहून आप्पांना बॉयलर आठवला असावा. "बंद झाली तं फुटीन ना! वाफेला वाट मोकळी पाहिजे." आणखी दोन दुकानांत सांधे नखाने खरवडून "झाळकामात शिसं किती?" असं विचारलं, तेव्हा एक दुकानदार चिडून आत निघून गेला.

शेवटच्या दुकानात मनासारखं सापडलं. पाच लिटरचं तांब्याचं जुनं भांडं, आतून कल्हई, घुमटासारखं झाकण, लांब वाकडी नळी. एका वैद्याचं होतं म्हणे. आप्पांनी ते पाण्याने भरून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि दहा मिनिटं कागदाकडे बघत बसले. एक थेंब गळला नाही. नळीत फुंकर मारली, दुसऱ्या टोकाला बोट धरलं. मग पाणी ओतून दिलं आणि आत नाक घातलं.

"चोखं शे," ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले.

मीही वाकले आणि वास घेतला. आंबूस, कुजक्या मोहफुलांचा वास कल्हईत मुरला होता. ते भांडं वैद्याकडचं नव्हे, दारूच्या भट्टीतलं होतं. आणि चहाच्या कपावर संशय घेणारा हा माणूस त्याला चोखं म्हणत होता! मी काही बोलले नाही. पण परतताना रिक्षात मांडीवर ते भांडं धरून बसलेल्या आप्पांकडे मी पोलिसासारखी बघत होते.

शाळेला सुट्टी होती, पुढचे चार दिवस मी गॅलरी सोडली नाही. मंगळवारी गोणपाटाचं बोचकं आलं. बुधवारी स्वयंपाकघराची खिडकी बंद झाली. गुरुवारी फटीतून तोच आंबूस वास आमच्या बाल्कनीत आला, आणि मी सरळ सोसायटीच्या प्रमुखांकडे गेले. ते निवृत्त कारकून, स्वभावाने भित्रे. "पोलीस आले तर आपली सगळ्यांची नावं जातील," एवढं म्हटल्यावर ते चपला घालून निघाले.

सकाळचे अकरा वाजले होते. आप्पांनी दार उघडलं, आणि आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उजळला! शेगडीवर ते भांडं, झाकणाची फट कणकेने लिंपलेली, नळी थंड पाण्याच्या बादलीतून बाटलीत उतरलेली. कोपऱ्यात भिजवलेल्या वाळ्याच्या मुळ्यांचं घमेलं. गूळ नाही, मोह नाही, काही नाही. खाटेवर माई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि पदराचा बोळा नाकाशी धरला होता.

"बरं झालं आलात, बाई. आधी वास," म्हणत आप्पांनी बाटली माझ्यापुढे धरली.

वास भयंकर होता. वाळा कुठेतरी तळाशी होता, वर सगळा तो जुना आंबूसपणा.

"आप्पा, हे तुम्हाला कळत नाही?"

ते खाली बसले. "मना नाकले काहीच समजत नही. दोन वरीस हुई ग्यात. मिलनं काम नाकाला लागलं." मग हळूच खाटेकडे पाहिलं. "तिले विचारलं तं ती म्हनस, छान येस वास. मनं मन राखासाठे म्हनस. मले तिचा भरोसा नही. म्हनून तुम्हाले दुकानात नेलं. तुम्ही कोनाचंच मन राखत नहीत, बाई. तुम्ही बोलल्या नहीत, मले वाटलं भांडं चोखं शे."

प्रमुख केव्हा चपला घालून निघून गेले ते मला कळलंच नाही. मला इतकी लाज त्यापूर्वी कधी वाटली नव्हती. मी नाक घेऊन गेले होते आणि माझ्या संशयापायी गप्प बसले होते. त्याची शिक्षा दोन दिवस माई भोगत होती.

मी पदर खोचला. चिंच आणि मिठाने भांडं घासलं, नुसतं पाणी तीनदा उकळून नळीतून काढलं आणि फेकून दिलं. दर वेळी आप्पा विचारायचे, "गया?" मी म्हणायचे, "नाही." तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "गेला." मग वाळा घातला, आच मंद केली. पहिले थेंब पडले तेव्हा कोऱ्या माठात पाणी ओतल्यासारखा वास घरभर झाला. माईने पदराचा बोळा सोडला आणि कूस बदलली. आप्पांना वास आला नाही. त्यांनी तिची कूस बदललेली पाहिली.

त्यानंतर दर रविवारी मला बोलावणं. मी शेगडीशेजारी खुर्ची टाकून बसायचे. "बास, आता करपट येतोय," म्हटलं की आप्पा तत्क्षणी गॅस बंद करायचे. एकदाही उलटून विचारलं नाही. कोणावर भरोसा नसलेला माणूस माझ्या नाकावर निर्धास्त होता, आणि खरं सांगते, त्या रविवारांची मी वाट बघायचे.

थंडीत माई गेली. शेवटच्या दिवशीही उशाशी वाटी होती.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी आप्पा पुन्हा बाटली घेऊन आले. मला बोलावलं नव्हतं, एकट्यानेच काढलं होतं. "आधी वास, बाई."

मी नाक लावलं. जळलेल्या काड्यांचा वास. जुन्याच मुळ्या पुन्हा घातल्या होत्या, आणि त्या तळाला लागल्या होत्या. समोर दाढी वाढलेला तो चेहरा. माझ्याच्याने खरं बोलवेना.

"छान आलंय, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, चहा देणाऱ्याकडे बघायचे तसं. फार वेळ.

"तुम्ही बी, बाई?"

बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि ते गेले. मी हाक मारायला हवी होती, खरं सांगायला हवं होतं. मी फाटकाशी उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात ते शिरपूरकडे पुतण्याच्या घरी राहायला गेले. मी शाळेतून आले तर माझ्या पायरीवर ते तांब्याचं भांडं होतं, चिंचेने घासून लख्ख केलेलं, झाकण शेजारी उलटं ठेवलेलं. चिठ्ठी नव्हती. मी तिथेच पायरीवर बसले आणि आत नाक घातलं. चोखं होतं. पण हे सांगायला शेजारी कोणी नव्हतं.