नियमात न बसलेला नवरा

दोह्याला असताना सुशीलाताई आमच्याकडे आल्या की आधी स्वयंपाकघरात जाऊन कोपरापर्यंत हात धूत आणि मगच बोलायला लागत. मूळच्या मिरजेच्या, ऐंशीच्या दशकात कतारमध्ये, दोह्यातल्या एका इस्पितळात नर्स होत्या.

त्यांना राहण्याचा परवाना अगदी मानाने मिळाला होता. पण मिरजेला चित्रकला शिकवणारे त्यांचे यजमान माधवराव त्या परवान्यावर येऊ शकत नव्हते. नवऱ्याने बायकोला आणावं, बायकोने नवऱ्याला नाही. परवान्याच्या कचेरीतून हे ऐकून आल्या त्या दिवशी ओट्याला टेकून म्हणाल्या, "तिथला कारकून म्हणतो, नवऱ्याला इथं नोकरी धरू दे, मग तो तुम्हाला बोलावेल. अरे, मी तुझ्यासमोर उभी आहे की! मला आणखी कुठून बोलावणार?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. "माझ्या एका हाकेवर डॉक्टर धावत येतात गं. नवरा तेवढा येऊ शकत नाही."

शेवटी लेकीला आजीजवळ ठेवून माधवराव मजुराच्या व्हिसावर आले. ठेकेदाराने त्यांना सळ्या उचलायला लावल्या. आणि मजुराला कुटुंब ठेवायची परवानगी नव्हती! ताईंच्या होस्टेलात पुरुषांना मज्जाव, माधवरावांच्या मजुरांच्या कँपात बायकांना. एकाच शहरातली ही नवराबायको भेटायची ती शुक्रवारी, अल मन्सूर वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत. मी आणि माझे यजमान मुद्दाम बाजारात जायचो. परतावं तर ताई माधवरावांच्या तळहाताच्या फोडांना मलम लावत बसलेल्या.

एका शुक्रवारी माधवराव लेकीसाठी मोर काढत होते, पण बोटांत पेन्सिल धरवेना. ताई उठल्या. "खलास. उद्या राजीनामा."

इस्पितळाने बढती देऊ केली, ताई बधल्या नाहीत. त्यांचे कागद लगेच झाले. माधवरावांना मात्र देश सोडायलाही मालकाची, म्हणजे त्या ठेकेदाराची, सही लागत होती, आणि तो "बुकरा, इन्शाल्ला" म्हणून उद्यावर ढकलायचा. नोटिशीच्या दिवसांत ताई ड्युटी संपली की गणवेशातच त्याच्या ऑफिसात जाऊन बसायच्या. तो उद्या म्हणाला की आपल्या मिरजेच्या हिंदीत विचारायच्या, "आज कू क्या हुआ?" महिनाभराने त्याने वैतागून सही केली.

त्यांना पोचवायला आम्ही विमानतळावर गेलो होतो. सामान घेणाऱ्या माणसाने दोन्ही पासपोर्ट चाळले.

"मियाँ-बीवी? इधर घर किधर था?"

माधवराव ट्रंक उचलायला वाकले.

"घर मिरज में है," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी ट्रंक एकटीने उचलून काट्यावर ठेवली.