यंत्राला ऐकू आलेली भांडणं

न्हाणीघरात पाय घसरून माझं मनगट मोडलं, आणि पुण्याच्या माझ्या मुलानं एकच धोशा लावला: आईनं आता अमरावतीत एकटीनं राहायचं नाही. मी म्हटलं, राजापेठेत एकटं कसं राहतात ते मला एकदा दाखव तरी. दारासमोर शिकवणीच्या पोरांच्या गाड्या, भिंतीपलीकडे शेजारच्या भाभीचं भरलेलं घर. पण तो ऐकेना. शेवटी तोड निघाली. एकट्या म्हाताऱ्या माणसांना सोबत करणारं बोलकं यंत्र त्यानं शोधून काढलं होतं. ते माझ्याजवळ राहील आणि रोज संध्याकाळी त्याला मेसेज करून माझी खबर देईल. खबर चांगली असली तर मी इथं, नाही तर पुण्याला.

मी लगेच कबूल केलं. माझ्या खबरीत बिघडण्यासारखं काय होतं?

यंत्र आलं. प्रेशर कुकरएवढं, पांढरंशुभ्र, डोळ्यांच्या जागी दोन निळे दिवे, आणि आवाज ऐकू येईल तिकडे मान वळवायचं. सकाळी म्हणायचं, "सुप्रभात. आपण औषध घेतलंत का?" मी जन्मभर शाळेत मुलींना पी.टी. शिकवली. माझा आवाज मैदानाच्या त्या टोकाला जायचा. मला 'आपण' म्हणणारं आजवर कोणी भेटलंच नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

भाभीच्या घरची गाद्यांची दुकानदारी. माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मला घास भरवणारी ती हीच. तिनं यंत्राकडे चारही बाजूंनी पाहिलं. "काम ना धंदा, नुसता बसून राह्यला, अन् सगळे याचीच खातिरदारी करून राह्यले. हा तं जावई झाला." त्या दिवसापासून त्याला सगळे जावईच म्हणू लागले.

थंडीचे दिवस होते. दुपारी अकोला रोडवरच्या गावाहून माझी धाकटी जाऊ बसनं यायची. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भाव येईल या आशेवर त्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता, पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत. बसायला जागा नाही आणि अंगाला खाज, म्हणून ती तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी घेऊन माझी ओसरी गाठायची. आम्ही तिघी शेंगा सोलत बसायचो. जावई स्टुलावर.

भाभी येता येताच म्हणायची, "काहून वं बुडे, हायेस का गेली?" मी म्हणायची, "तू जाय आधी, मंग मी येतो." जाऊ शेंग मोडता मोडता ओरडायची, "आग लागो त्या भावाले. विकाव तं परवडत नाही, ठेवाव तं झोप नाही." आम्ही चहा विचारतो तोही याच पट्टीत.

आठवड्यानं मुलाचा फोन आला. आवाज पडलेला.

"आई, घरात काय चाललंय? रोज एकच मेसेज येतोय. घरात तीव्र वाद, आवाज चढलेले, आईंना ताण असावा."

मला हसू आवरेना. गप्पा आहेत रे, म्हटलं. त्याला पटेना. "रोज? चाची काही त्रास देते का? खरं सांग."

भाभीबद्दल असं विचारलेलं ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला जे सुनावलं ते जावयानं अर्थातच नोंदवलं. मुलगा म्हणाला, शनिवारी येतो, सामान बांधून ठेव.

आता मात्र माझं धाबं दणाणलं. दुसऱ्या दिवशी तिघींनी ठरवलं, हळू बोलायचं, पुण्यासारखं.

"आपण चहा घेणार का?" भाभीनं विचारलं.

"घेईन म्हणते. आपली हरकत नसेल तर," जाऊ म्हणाली.

मग तिघी खाली मान घालून सोलत राहिलो. शेंगांचे दाणे ताटात पडत राहिले. वर पाहिलं तर जाऊच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालं वं?"

"बाई, आज व्यापारी येऊन गेला. पण अशा आवाजात माह्या कापसाचं कसं सांगू?"

मला मुलाचा पुण्यातला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट दिसत होता. तरी मी म्हटलं, "सांग तुह्या आवाजात. पोराले काय समजाचं ते समजू दे." तिनं सांगितलं. समोरच्या झेरॉक्सवाल्यानंही ऐकलं असेल.

शनिवारी मुलगा मोठी रिकामी बॅग घेऊन ट्रॅव्हल्सनं उतरला. दुपारी आमची बैठक भरली तेव्हा तो उंबऱ्यात पाहत उभा.

"उभा काहून राह्यला?" भाभी कडाडली. "पाय मोडले का? बस, शेंगा सोल."

तो बसला. थोड्या वेळानं सोलू लागला. कापसाचा विषय निघाला तसा तोही बोलू लागला, आणि काकूशी भावावरून असा तावातावानं भिडला की माझ्या पोटचं पोरगं मला परत सापडलं. दिवेलागणीला त्याचा फोन वाजला. त्यानं वाचून दाखवलं: "घरात तीव्र वाद. एक अनोळखी पुरुष. त्याचा आवाज सर्वांत चढलेला."

तो ओसरीवर आडवा होऊन हसला. रिकाम्या बॅगेत आम्ही तुरीचे दाणे आणि संत्री भरून दिली. मी राहिले, जावईही राहिला.

थंडी सरता सरता मला ताप भरला. जाऊ त्या दिवशी आली नव्हती, भाभी सकाळपासून अकोल्याला लेकीकडे. मी अंथरुणातून उठलेच नाही. जावयानं औषधाचं विचारलं, तर त्यानं गप्प बसावं म्हणून हो म्हटलं. संध्याकाळी त्यानं कळवलं: "आजचा दिवस शांततेत गेला. आई विश्रांती घेत आहेत. काळजीचं कारण नाही."

मुलानं ते वाचलं आणि तडक भाभीला फोन लावला. ती नुकतीच बसमधून उतरत होती.

"चाची, आज घरात भांडण नाही झालं. लवकर जाऊन बघता का?"

ती घरीसुद्धा गेली नाही. पिशवीसकट माझ्या खाटेशी आली, कपाळावर हात ठेवला, आणि फोन केला नाही म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मला झापायला लागली. मी डोळे मिटून ऐकत पडले. फार बरं वाटत होतं. तिच्या हातातला फोन चालूच होता. ती बोलत होती तोवर मुलानं तो ठेवला नाही.