मधल्या सीटवरची मालकीण

रविवारी आम्ही दोघं यवतमाळला गेलो होतो, आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत... चार दिवस झाले, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

राळेगावजवळ आमची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. मिरची, वांगी, टोमॅटोचे ट्रे पिकअपमध्ये भरायचे आणि आठवडी बाजार करायचे... कधी मारेगाव, कधी थेट महागाव. गाडी हे चालवतात, खिडकीशी सासूबाई, कारण त्यांना गाडी लागते, आणि मध्ये मी. तीन वर्षं झाली.

गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत. म्हणून कंपनीच्या पिकअप मालक मेळाव्याचा मेसेज माझ्या मोबाईलवर आला. नवीन मॉडेलची केबिन कशी असावी, ते त्यांना मालकांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं आणि बाई मी एकटी... पुण्याहून आलेली एक इंजिनिअर मुलगी सोडली तर. तर्री-पोहे झाले आणि माइक फिरायला लागला. मग काय विचारता, जो तो तुटून पडला!

कुणाचं डोकं गतिरोधकावर छताला आपटतं, कुणाची पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकखाली जाते. एक काका तर उभेच राहिले. "मॅडम, रेडिओ देला तुम्ही, पण इंजिनाच्या आवाजात आयकू येते का काई? अन् मे महिन्यात त्या सीटवर बसून पाहा बरं, पापड भाजून निंगते!" अख्खा हॉल हसला... मीसुद्धा.

माइक आमच्या रांगेत आला. यांनी मोबाईल ठेवायला स्टँड मागितला आणि बसले. पण ती मुलगी हातातली यादी बघत म्हणाली, "मालक म्हणून इथे ताईंचं नाव आहे. ताई, तुम्हाला काही सांगायचंय?"

हे हळूच म्हणाले, "राहू दे ना, सगळ्यायसमोर कायले?" खरं सांगू? ते तसं म्हणाले, म्हणूनच मी उठले.

"मॅडम, मी मधल्या सीटवर बसते. दुसरा गिअर टाकला का दांडा माह्या गुडघ्यावर येते. दोन्ही पाय एकीकडं वळवून बसा लागते. मारेगाव येईपर्यंत कमरेचा पार भुगा होते."

मागून एक दादा म्हणाले, "वहिनी, मधी तं आम्ही सामान ठेवतो!" पुन्हा हशा. या वेळी मला हसू आलं नाही. यांची मान खाली गेलेली.

ती मुलगीही हसली नाही. गाडी आणलीय का, विचारलं. बाहेरच उभी होती. तिने यांच्याकडे किल्ली मागितली आणि म्हणाली, "मी चालवते. दादा, तुम्ही मध्ये बसा. ताई खिडकीशी."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! पण इतक्या लोकांसमोर नाही तरी कसं म्हणणार... बसले. सहा फुटी माणूस, गुडघे कुठे ठेवावेत कळेना.

दारव्हा रोडवर निघालो. पहिलाच गतिरोधक, दुसरा गिअर... खट्! "आई गं!" पुढे रिक्षा आडवी आली, पुन्हा दुसरा... खट्! मी मात्र खिडकीतून वारा खात होते. आमच्या गाडीला एवढी मोठी खिडकी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

परत फिरताना यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "रोज असंच लागते?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना. तुम्ही म्हणे, जराशी सरकून बस."

हॉलपाशी उतरल्यावर मला वाटलं, आता हे कोपऱ्यात जाऊन बसतील. ते सरळ माइककडे गेले!

"गाडी मी चालवतो, पण मधी मी आज पयल्यांदा बसलो. मोबाईल स्टँड नाई भेटला तरी चालन... आधी तो गिअरचा दांडा हटवा."

आणि मघाचे सामान ठेवणारे दादाच उठले. "माह्यी मायही तिथंच बसते, मॅडम. लिहून घ्या." मग आणखी एक हात वर झाला, आणखी एक... टाळ्या पडल्या हो! आणि त्या मुलीने फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं : मधली सीट.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडलं म्हणून रागावतील, याची मनातून भीती होतीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अन् मले काहून नाही नेलं वं? चढाले धरायची दांडी कायले नाही देली त्यायनं? इतके दिवस झाले, दाराले लोंबकळून चढतो मी!"

त्या मुलीने नंबर दिला होता. तिथल्या तिथे सासूबाईंचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून पाठवला... चार मिनिटांचा! सकाळी उत्तर आलं, "आजींना सांगा, लिहून घेतलं. दांडी नेमकी कुठे हवी, त्याचा फोटो पाठवाल का?" सासूबाई पदर नीट करून दारापाशी हात उंच धरून उभ्या राहिल्या, आणि यांनी फोटो काढला.

नवीन गाडी कधी येईल, त्यात यातलं काय काय असेल, देव जाणे. त्या पोरीचे मात्र मनापासून आभार. तीन वर्षं एकाच केबिनमध्ये खांद्याला खांदा लावून बसतो आम्ही तिघं... आणि कुणाला कुठे लागतं, हे एकमेकांना विचारलंच नव्हतं.