नववीसाठी तीन परीक्षा

बाळांनो,

परवा धाकटीने फोनवर सांगितलं की तिच्या शाळेत विज्ञानाची पातळी ठरवायला संगणकावर दोन तासांची परीक्षा आहे आणि वरच्या वर्गात बसायचं की नाही हे त्यावर ठरेल. मग तिने विचारलं, "आजी, तू शिकवत होतीस तेव्हा हे कसं ठरवायचीस?" मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर सांगायला लागले की तुमचे आजोबा मागून शेवट ओरडून सांगतात. सध्या ते आठवडाभर भंडाऱ्याला गेले आहेत, म्हणून आत्ताच लिहायला बसले.

सत्तरच्या दशकात मी पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावरच्या एका गावात विज्ञान शिकवत होते. नागपूरला इंग्रजीतून शिकून आले होते आणि त्याचा मला थोडा ताठा होता. प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट. त्यातल्या प्रत्येक वस्तूला मी क्रमांक देऊन चिठ्ठी चिकटवली होती. फुटक्या परीक्षानळ्यांनासुद्धा क्रमांक होते. मुख्याध्यापक येणाऱ्याजाणाऱ्याला ते कपाट उघडून दाखवायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत.

एका जूनमध्ये नदीवर मासे धरणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. सातवीनंतर दोन वर्षं ती घरी होती. आई बाजारात मासळी विकायची आणि हिच्याकडे धाकटी भावंडं. या दोन वर्षांत तिने चुलत भावाची आठवीची पुस्तकं वाचून संपवली होती. वडिलांनी दारातच आपलं म्हणणं मांडलं.

"दोन सालं देतो, मॅडम. तिसरं मांगू नका."

दोन वर्षं म्हणजे नववी आणि दहावी. आठवीत बसवलं तर ही दहावीआधीच घरी जाणार, हे उघड होतं. मुख्याध्यापकांना परीक्षा घेऊन थेट नववीत प्रवेश देता येत असे. गणित आणि भाषा ती सहज पास झाली. विज्ञान माझ्याकडे आलं.

मी माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक विलायती पुस्तक काढलं आणि त्यातली दहा प्रश्नांची चाचणी मराठीत उतरवली. फार शास्त्रशुद्ध चाचणी, असं मी मुख्याध्यापकांना ऐकवलंही. त्यातला एक प्रश्न होता, हिवाळ्यात तलावाचा वरचा थर गोठला तरी खालचे मासे जिवंत का राहतात? तिने लिहिलं, "आमचा तलाव गोठत नाही. मासे जाळ्यात येतवरी जिवंत राहतात." धुराड्याबद्दल विचारलं होतं, तिथे तिने चूल कशी पेटवायची ते लिहिलं. उत्तरसूचीप्रमाणे दहापैकी चार गुण. मी ती उत्तरसूची दोनदा वाचली आणि मला कळेना की नापास कोण झालं.

मुख्याध्यापक खूश. ते म्हणाले, "असल्या चाचण्या साहेब लोकांना ठीक. व्याख्या विचारा, पाणी कुठे मुरतं ते लगेच कळतं." दुसरी परीक्षा त्यांनी स्वतः घेतली, तोंडी, हातात गाईड धरून. ती धडाधड उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, पाणी किती अंशांवर उकळतं? ती म्हणाली, शंभर. त्यांनी गाईडमध्ये पाहिलं आणि फुली मारली. छापणाऱ्याने एक शून्य खाल्लं होतं. गाईडमध्ये दहा होतं.

मुलीने फुली पाहिली आणि म्हणाली, "सर, दहावर उकळलं असतं तर पुसात आमची बोडी उकळून राहिली असती."

पूस म्हणजे पौष, ऐन थंडीचा महिना, आणि बोडी म्हणजे लहान तलाव. मुख्याध्यापकांनी बोडी उकळताना डोळ्यांसमोर आणली असावी, कारण ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "गाईड नागपूरचं आहे," आणि फुली तशीच ठेवली. तिला बाहेर पाठवून त्यांनी मला सांगितलं की दोन्ही परीक्षा संशयास्पद आहेत. तिसरी तुम्ही प्रयोगाची घ्या, उत्तर बरोबर आलं तर नववी, नाहीतर आठवी. वडील व्हरांड्यात बसून होते. नदी सोडून त्यांचा हा तिसरा दिवस होता.

प्रयोग मी साधा निवडला. कपाटात काचेचं एक जाड बूच होतं. त्याचं वजन करायचं, मोजपात्रात बुडवून आकारमान काढायचं, भागाकार करून घनता लिहायची. उत्तर मला पाठ होतं, अडीच. सहा वर्षांच्या प्रत्येक प्रयोगवहीत अडीचच होतं आणि प्रत्येकाखाली माझी लाल सही होती.

तिने बूच डाव्या पारड्यात ठेवून वजन केलं. मग ते उजव्या पारड्यात ठेवून, वजनं डावीकडे घेऊन, पुन्हा केलं. मुख्याध्यापक म्हणाले, "काहून दोनदा करून राहिली तू?" कागदावर तिने तीन उत्तरं लिहिली: दोन पूर्णांक सहा, दोन पूर्णांक चार आणि अडीच.

"तीन उत्तरं म्हणजे नियमाने शून्य," मुख्याध्यापक म्हणाले.

"काटा खोटा हाय, सर," ती म्हणाली. "माय बाजारात पारडं बदलवूनच मोजते. दोन्हीकडून वेगळं आलं का मधातलं खरं."

मी उठून काटा पाहिला. त्याची सुई रिकामी असतानाही जरा कललेली असायची. ती तिची सवय आहे असं आम्ही समजून चाललो होतो. डावं पारडं उलटं केलं. खाली माझी चिठ्ठी होती, "काटा क्र. १", जाड चिकटपट्टीवर, आणि ती निघू नये म्हणून मी वरून दोनदा वार्निश दिलं होतं. त्या पारड्याला ओझं माझंच होतं.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. या काट्यावर नेहमीसारखं डाव्या पारड्यात ठेवून वजन केलं तर दोन पूर्णांक सहाच येणार. म्हणजे सहा वर्षांत एकाही मुलाने ते बूच तोललं नव्हतं. सगळ्यांनी पुस्तकातून अडीच उचललं होतं आणि मी "उत्तम" असा शेरा मारत आले होते.

मी हे मुख्याध्यापकांना तिथेच सांगितलं. न सांगण्याची सोय होती. तीन उत्तरांना शून्य देऊन आम्ही दोघं सुटलो असतो. ते म्हणाले, "मॅडम, म्हणजे बोर्डाच्या प्रात्यक्षिकाचे गुणसुद्धा?" मी मान डोलावली. त्यांनी दार लोटून घेतलं.

बराच विचार करून ते म्हणाले, "मुलीला नववीत घ्या. पण काटा दुरुस्त केल्याची नोंद कुठे करू नका. बिघडला होता अशी नोंद नाही, तर दुरुस्त कसा होईल?"

मी व्हरांड्यात जाऊन सांगितलं. वडिलांनी विचारलं, "नववी ना?" मी हो म्हटलं. ते उठले, धोतर झटकलं आणि मुलीला म्हणाले, "मंग बस आत. घरी कायले येतं?" त्या दिवशी वर्गाला सुट्टी होती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

ती दोन वर्षांत दहावी पास झाली. वडिलांनी तिसरं वर्ष दिलं, मग चौथंही दिलं. मी मागितलं नव्हतं. पुढे ती पवनीच्या बाजूला शाळेत शिक्षिका झाली.

ते गाव आता राहिलं नाही. गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं, माणसं नव्या वस्तीत गेली, शाळा आणि कपाट कुठे गेलं ते मला माहीत नाही. तिचा उत्तराचा कागद माझ्या फायलीत आहे. शाई फिकी झाली आहे, पण तिन्ही उत्तरं वाचता येतात.